कार्डावरचा चेहरा

बसताईने उजवा हात बसच्या दारात आडवा टाकला आणि डाव्या हाताने गळ्यातल्या कार्डांच्या जुडग्यातून एक कार्ड वर काढलं. कार्डावर पस्तिशीतल्या एका माणसाचा फोटो होता. आखूड केस, दाढीची खुंटं, चौकटीचा शर्ट आणि अशा फोटोंत सगळ्यांच्याच चेहऱ्यावर असतो तो अपराधी भाव. पायरीखाली मात्र जी व्यक्ती उभी होती तिच्या डोक्यावर तांबूस केसांचा मनोरा होता, पापण्या बोटभर लांब होत्या आणि अंगातला टिकल्यांचा हिरवा गाऊन दुपारच्या उन्हात इतका चमकत होता की ताईला डोळे बारीक करावे लागले. गाऊनखालून पळायचे बूट दिसत होते.

"गोटीला न्यायला आलोय," ती व्यक्ती धापा टाकत पुन्हा म्हणाली. आवाज पुरुषाचा होता. "मी तिचा बाबा. तिच्या आईचं ऑपरेशन थिएटरमधलं काम लांबलंय, तिला निघता येईना. कार्डावर दुसरं नाव माझंच आहे, बघा."

"नाव आहे," ताई म्हणाली. "चेहरा नाहीये."

आत तिसऱ्या बाकाशी गोटी दप्तर अडकवून केव्हाची उभी होती. दुसरीतली, पुढचे दोन दात पडलेली, डोकं गोल गरगरीत म्हणून गोटी.

"ताई, तो माझाच बाबा आहे!"

"तुला विचारलं मी? खाली बस."

मुलाच्या शब्दावर मूल द्यायचं नाही, हा ताईचा नियम होता. मुलं काय, कुणी चॉकलेट दाखवलं तरी त्याला काका म्हणतात. ज्याचा फोटो कार्डावर आहे त्यालाच मूल द्यायचं, ओळख पटवून, हातात हात देऊन. अठरा वर्षं ती या बसवर होती आणि गेली चौदा वर्षं या बाबतीत तिने कुणाचीही भीड ठेवली नव्हती. एकदा सख्ख्या बहिणीला तिने स्वतःची भाची दिली नव्हती, कारण बहीण नव्या वर्षाचं कार्ड करायला विसरली होती. बहीण पुढे सहा महिने तिच्याशी बोलली नाही. ताईला त्याचं वाईट वाटलं, पण चुकलं असं वाटलं नाही.

थांब्यावर इतर मुलांना न्यायला आलेले आईबाप उभे होते. कुणी हसू दाबत होतं, कुणी मुद्दाम दुसरीकडे बघत होतं. बसमधल्या जुळ्या बहिणींच्या आईने पर्समधून फोन काढून समोर धरला होता.

"शनिवारी स्टेजवर असतो मी," गोटीचा बाबा घाईघाईने सांगू लागला. "ड्रॅग करतो, म्हणजे बाईचा वेष करून कार्यक्रम. झुंबर मॅडम म्हणून. आज पोस्टरचे फोटो चालले होते, तिथूनच पळत आलो, कपडे बदलायलाही—"

"कार्यक्रमाचं नका सांगू मला. हा चेहरा आणि हा चेहरा जुळायला पाहिजे."

त्याने एकदा मागे बघितलं, फोनकडे बघितलं, मग रुमाल काढला. "पुसतो. दोन मिनिटं द्या."

"बाबा, पुसू नको!" गोटी किंचाळली. "फोटो राहिलेत ना तुझे! परत तीन तास लागतील!"

रुमाल हातात तसाच राहिला. ताईने बाबाकडे बघितलं, मग वळून पोरीकडे. एवढ्या लोकांसमोर, समोर फोन धरलेला असताना बापाला भर रस्त्यात तोंड पुसायला लावलं, तर हे दृश्य पोरगी जन्मभर विसरणार नाही. तिला स्वतःचाच राग आला.

"राहू द्या," ती म्हणाली. "केस वर करा. डावा कान दाखवा."

"काय?"

"कान. तुमच्या भाषेत वेगळं काही म्हणतात का?"

दाढी येते नि जाते, केस पिकतात, रंगतात, गळतात, चष्मा लागतो, माणूस पंचवीस किलो वाढतो. कान मात्र जन्माला येताना असतो तसाच राहतो. हे ताईला कुणी शिकवलं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी तिने आपल्या मनाने कान बघायला सुरुवात केली होती आणि का केली, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाबाने विग उचलून धरला. कानाची पाळी गालाला चिकटलेली होती आणि वरच्या कडेला किडीने पान कुरतडावं तशी बारीकशी खाच होती. ताईने फोटो डोळ्यांजवळ नेला. खाच तिथेही होती.

"पोरीला काय चालत नाही?"

"शेंगदाणे. आणि ती कापडी चिकटपट्टी, जखमेवर लावतात ती. पुरळ उठतं. पण ते कार्डावर नाही लिहिलेलं."

"आता लिहिते," ताई म्हणाली आणि दारातला हात काढला. गोटीचा हात तिने स्वतःच्या हाताने त्या लांब लाल नखांच्या हातात दिला. "नखं जपून. लागतील तिला."

"चिकटवलेली आहेत ताई, पटकन निघतात."

बस सुटल्यावर ड्रायव्हरकाका आरशातून बघत म्हणाले, "आज काय सिनेमाच होता म्हणायचा."

"तुम्ही रस्त्याकडे बघा."

खरं सांगायचं तर तिला तो अवतार आवडला नव्हता. इतक्या टिकल्या, त्या पापण्या, भर दुपारी! पण तिला काय आवडतं नि काय नाही यासाठी कार्डावर रकाना नव्हता, आणि उरलेली सगळी मुलं उतरेपर्यंत ती ते विसरूनही गेली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, गोटीला तिची आई सोडून गेली. गोटी चढली तशी बस गप्प झाली. ही बस कधी गप्प होत नसे, म्हणून ताईने लगेच ओळखलं की व्हिडिओ घरोघर पोचलाय.  दोन थांबे गेल्यावर पहिल्या बाकावरून जुळ्यांपैकी एकीने मान वळवली.

"गोटी, तुझा बाबा बाई आहे का?"

प्रश्न तिचा नव्हता. घरी जेवताना मोठ्यांच्या तोंडून ऐकलेला होता, हे सुरावरूनच कळत होतं.

"नाही. बाबा आहे," गोटी म्हणाली.

"मग तो गाऊन?"

"तो झुंबर मॅडमचा आहे. झुंबर मॅडम म्हणजे बाबाच. पण बाबा रोज नसतो झुंबर मॅडम. रोज तो दात करतो."

हेही खरं होतं. तो दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचा. म्हाताऱ्यांच्या हिरड्यांचे साचे गोटीने एकदा वर्गात दाखवायला आणले होते आणि एका मुलाला ओकारी झाली होती.

"म्हणजे अर्धा बाबा नि अर्धी मॅडम?"

गोटीने विचार केला. "अर्धा नाही. दोन्ही वेळा सगळा असतो."

"असं नसतंच," पाचवीतला एक मोठा मुलगा म्हणाला. त्याला बसमध्ये सगळं माहीत असे. "माणूस एक तर मुलगा असतो, नाहीतर मुलगी. बसमध्येपण तसंच आहे. मुलगे डावीकडे, मुली उजवीकडे. हो ना ताई?"

ताईची पंचाईत झाली. ही वाटणी तिचीच होती. वेण्या ओढण्यावरून रोज मारामाऱ्या व्हायला लागल्या तेव्हा वैतागून केलेली. ती काही बोलणार तोच सगळ्यात मागून आवाज आला.

"मागच्या बाकावर कुठे आहे तसं?"

शेवटचा बाक आडवा होता, बसच्या एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत अखंड. त्याच्या अगदी मधोमध, इंजिनाच्या उंचवट्यावर चौथीतलं एक मूल रोज एकटं बसायचं. सगळ्यांत मागे म्हणून पोरांनी त्याला शेपूट हे नाव पाडलं होतं. पहिलीत असताना ताईने त्याला दोनदा उचलून डाव्या बाजूला आणून बसवलं होतं. दोन्ही वेळा ते मुकाट्याने परत मागे गेलं. तिसऱ्यांदा ताईने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि नाद सोडला. उन्हाळ्यात तो उंचवटा तव्यासारखा तापतो, तिथे कुणी हौसेने बसत नाही, एवढं तिला कळत होतं. तीन वर्षांत शेपूट बसमध्ये दहा वाक्यंसुद्धा बोललं नसेल.

"मागचा बाक डावीकडून सुरू होतो नि उजवीकडे संपतो," शेपूट म्हणालं. सगळी बस मागे वळल्यामुळे त्याचे कान लाल झाले होते, पण ते थांबलं नाही. "मध्ये कुठेही बसता येतं. सरकतापण येतं. मी सरकते कधीकधी. कधीकधी सरकतो."

कुणी हसलं नाही. हसावं की नाही हे ठरवायला सगळ्यांनी ताईकडे बघितलं.

"ताई, खरं आहे?"

"बाक तसाच आहे," ताई म्हणाली. "अठरा वर्षं मीच पुसते तो. आणि गोटीचा बाबा गोटीचा बाबाच आहे, मी ओळख पटवून पोर हातात दिलीय. झालं? आता खिडकीतले हात आत घ्या. तुटले तर मी गोळा करणार नाही."

हसून झालं, हात आत आले आणि बसमध्ये पुढच्या मिनिटाला कुणाच्या तरी पाण्याच्या बाटलीवरून भांडण सुरू झालं. प्रकरण चार मिनिटांत मिटलं होतं.

मोठ्यांचं मिटलं नव्हतं. दहा वाजता ताईला मुख्याध्यापिकांच्या खोलीत बोलावणं आलं. टेबलाच्या अलीकडे जुळ्यांचा बाबा बसला होता. तो पेशाने वकील होता, आणि त्याच्यासमोर टाईप केलेला एक कागद होता.

"बसा ताई," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्या तीन वर्षांपूर्वी या शाळेत आल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या, पण पालकांचा आवाज चढला की त्यांचा उतरायचा. "अकरा पालकांची तक्रार आलीय. कालच्या प्रकाराची. तुमचा जबाब हवाय. यांनी मसुदा करून आणलाय, वाचा आणि सही करा."

ताईने चष्मा लावला. 'सदर व्यक्तीने वेषांतर केलेले असल्याने तिची ओळख पटू शकली नाही. तथापि थांब्यावरील दबावामुळे मी बालिकेचा ताबा सदर व्यक्तीस दिला.' तळाशी सहीसाठी ठिपक्यांची रेघ होती.

"यावर सही झाली की काय होणार?"

"काही नाही," वकील म्हणाला. "त्यांचं नाव कार्डावरून कमी होईल. थांब्यावर ते येणार नाहीत. मुलीची आई आहेच की. तुमच्यावर काहीही येणार नाही, त्याची काळजी मी घेतलीय."

"पण ओळख पटली होती."

"त्या मेकअपमध्ये?"

"कान बघून."

वकील हसला. मुख्याध्यापिकांना हसावं की नाही कळेना.

"हसताय कशाला?" ताई म्हणाली. "मागच्या वर्षी तुम्ही मिशी काढून, डोकं तुळतुळीत करून आला होतात. तुमच्या धाकटीने तुम्हाला बघून भोकाड पसरलं. हा माझा बाबा नाही म्हणाली. तेव्हा दोन्ही पोरी मी तुमच्या हातात दिल्या त्या कशाच्या जोरावर?"

वकिलाचा हात नकळत कानाकडे गेला आणि अर्ध्या वाटेतून परत आला.

"ती गोष्ट वेगळी. मी त्यांचा बाप आहे."

"तोही बापच आहे."

"ताई, प्रश्न तो नाहीये." त्याने खुर्ची जरा पुढे ओढली. "प्रश्न मुलांना काय शिकवायचं हा आहे. सात वर्षांच्या आहेत माझ्या मुली. काल घरी येऊन मला विचारतात, बाबा, तू कधी होणार झुंबर? काय सांगू मी त्यांना?"

"सांगायचं की मला नाही जमायचं. तीन तास बसावं लागतं."

मुख्याध्यापिकांना एकदम खोकला आला. वकिलाने मात्र ते मनावर घेतलं नाही. तो कसलेला माणूस होता आणि त्याच्याजवळ आणखी एक मुद्दा होता.

"ठीक आहे. माझ्या मुलींचं सोडा. उद्या कोणीही असा रंग फासून येईल, मी याचा बाबा, मी तिची मावशी म्हणेल आणि मूल घेऊन जाईल. तेव्हा? तेव्हा जबाबदार कोण?"

 ताईने चष्मा काढला, पदर नव्हता म्हणून बाहीला पुसला, परत लावला, परत काढला. मग तो कागद तिने बोटाने वकिलाकडे सरकवला.

"घेऊन गेलाय एक जण," ती म्हणाली.

"कोण?"

"चौदा वर्षं झाली. याच बसवरून." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हळू. "सहा वर्षांचं मूल होतं. न्यायला माणूस आला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, गळ्यात कुठल्याशा ऑफिसचं ओळखपत्र, बूट चकाचक. मी याचा काका म्हणाला, वहिनींनी पाठवलंय म्हणाला. मूलही काका म्हणालं. मी कार्ड वर काढलंच नाही. इतका नीटनेटका माणूस, त्याला काय कार्ड दाखवायचं, मलाच लाज वाटली. शर्ट बघितला आणि मूल देऊन टाकलं."

ताईने चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"सात तासांनी सापडलं. दुसऱ्या गावच्या बसस्थानकावर, एकटं, एका पायात बूट नाही. त्याला काही झालं नव्हतं. त्या माणसाने मधेच का सोडलं, कुणाला कळलं नाही. तो पुन्हा सापडला नाही."

मुख्याध्यापिका पुढे वाकल्या. "ताई, ते प्रकरण मी वाचलंय. फायलीत आहे. ते मूल नजर चुकवून आधीच्या थांब्यावर उतरलं होतं."

"खोटं आहे ते. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले शाळेचं नाव जाईल. त्यांनी कागद केला, असाच, टाईप करून. तुमच्यावर काही येणार नाही म्हणाले. खाली सही माझी आहे."

वकिलाने पेनाचं टोपण लावलं. "तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय कबूल करताय? एका अनोळखी माणसाच्या हातात तुम्ही मूल दिलंत."

"हो."

"आणि त्यानंतर चौदा वर्षं तुम्ही याच बसवर आहात. माझ्या मुली आहेत त्या बसवर!"

"हो. आणि चौदा वर्षांत एकही मूल चुकीच्या हातात गेलेलं नाही, कारण तेव्हापासून मी कपडे बघायचे सोडले." आता मात्र तिचा आवाज चढला. तिला राग आला होता, वकिलाचा नव्हे, त्या शर्टाचा आणि चौदा वर्षं तोंड बंद ठेवल्याचा. "मुलांना काय शिकवायचं विचारत होतात ना? हे शिकवा. इस्त्री बघून माणसावर विश्वास टाकायचा नाही आणि टिकल्या बघून त्याला घाबरायचं नाही. काल जो आला तो घाम गाळत, लोकांची टर सोसत, सगळं सोडून पोरीसाठी पळत आला होता. पोरीला कुठल्या चिकटपट्टीने पुरळ येतं हे त्याला पाठ आहे. त्याची ओळख पटली नाही, असं मी लिहून देणार नाही. एकदा दिलंय असलं लिहून. दुसऱ्यांदा नाही."

वकील उठला. पेन खिशाला लावून तो निघून गेला. मुख्याध्यापिकांनी तो कागद आपल्याकडे ओढून पालथा घातला.

"कशाला सांगितलंत हे? कुणाला कधी कळलं नसतं."

"मला माहीत होतं ना."

"तुमच्या जबाबाशिवाय त्या मुलीच्या वडिलांचं नाव मला काढता येणार नाही. राहील ते कार्डावर. पण तुम्हाला आता बसवर ठेवता येणार नाही मला. चौकशी होईल. माझ्या हातात काही नाही, ताई."

"मी कुठे काही म्हणतेय?"

तिने गळ्यातलं कार्डांचं जुडगं काढून टेबलावर ठेवलं. त्रेचाळीस मुलांची त्रेचाळीस कार्डं होती. अठरा वर्षं ती दोरी मानेवर होती, मान हलकी वाटायला हवी होती. ती वाटली नाही. बाहेर आवारात बस धुवायला उभी होती. ताई तिच्याकडे न बघता सरळ फाटकाबाहेर पडली आणि रस्त्याच्या वळणावर गेल्यावर मग रडली.

शनिवारी शाळा अर्धा दिवस असे. पावणेबाराला ताई थांब्यावर जाऊन उभी राहिली. आपण का आलो, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं. अठरा वर्षं ती हा थांबा बसच्या पायरीवरून बघत होती, जमिनीवरून तो तिला भलताच लहान वाटला. पालक जमले होते आणि नेहमीप्रमाणे घोळक्याने उभे होते. घोळक्यापासून दहा पावलांवर गोटीचा बाबा एकटा उभा होता. आज गाऊन पिवळा होता, विग काळा आणि पायात उंच टाचा. बूट घरी ठेवून आला होता.

ताई त्याच्या शेजारी जाऊन थांबली.

"शो किती वाजता आहे?"

"सातला."

"मग आत्तापासून कशाला?"

"काल शाळेतून फोन आला," तो समोर बघत म्हणाला. "नाव कार्डावर राहील म्हणाल्या. पण शक्यतो साध्या कपड्यांत या, म्हणाल्या. मी हो म्हटलं. आणि सकाळी आठलाच आरशासमोर बसलो." त्याने एक चिकटवलेलं नख उपटून परत दाबून बसवलं. तो घाबरलेला होता, हे ताईला स्पष्ट दिसलं. "तुमचंही कळलं, ताई. माझ्यामुळे—"

"तुमच्यामुळे नाही. माझं जुनं होतं ते."

"तरी."

"तरी काही नाही. टाचा सांभाळा, पुढे खड्डा आहे."

बस आली. थांब्यावर जमिनीवर पांढरी रेघ आखलेली होती. ज्याचं मूल उतरतंय त्यानेच रेघेच्या आत यायचं, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. ही रेघही ताईनेच भांडून आखून घेतली होती. बाबाने रेघ ओलांडली तसे घोळक्यातले तीन-चार फोन वर झाले. त्याने मागे वळून बघितलं. ताई रेघेशी क्षणभर थांबली आणि मग आत जाऊन त्याच्या बाजूला उभी राहिली.

दारात ऑफिसातली तरुण कारकून होती. गळ्यात कार्डांचं जुडगं होतं आणि तिला त्यात गोटीचं कार्ड सापडत नव्हतं. शेवटी तिने शोधायचं सोडून दिलं. व्हिडिओ सबंध शाळेने बघितला होता, आणि आता या चेहऱ्याइतका ओळखीचा चेहरा थांब्यावर दुसरा नव्हता. "गोटीचे बाबा," ती म्हणाली आणि गोटीचा हात तिने त्याच्या हातात दिला. मागे काचेतून ताईला शेवटचा बाक दिसत होता. आज त्यावर सात-आठ पोरं कोंबून बसली होती, मुलगे आणि मुली सरमिसळ, जुळ्या धरून, आणि त्यांच्या मधोमध शेपूट सगळ्यांना सरका, सरका म्हणून ओरडत होतं.

"ताई!" गोटीने दुसऱ्या हाताने तिचा हात पकडला. "आज तू खाली कशी?"

"पाय मोकळे करायला."

कारकून दार लावायला वळली, मग थांबली. तिच्या हातात नवी कोरी नोंदवही होती.

"ताई," ती ओशाळून हळूच म्हणाली, "रेघेच्या आत कुणी जास्तीचं दिसलं तर नोंद करायला सांगितलंय मला. आजपासून. तुम्ही कुणाला न्यायला आलात?"

"कुणालाच नाही."

"मग काय लिहू?"

घोळक्यातले फोन अजून वर होते. ताई त्यांच्याकडे तोंड करून नीट उभी राहिली.

"लिही, मी यांच्याबरोबर आहे," ती म्हणाली. "आणि खाली जागा सोड. पुढच्या शनिवारीही लागेल."